बालवाडीतल्या ताई खेळतात तेव्हा

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. बालवाडीतल्या शिक्षिकांना तयार करताना आणि त्यांच्या गटाचे नेतृत्व करताना खेळाचा उपयोग कसा करावा, किती करावा आणि कोठे मुळीच करू नये, असा तो विषय आहे. मी स्वतः या शहरात 32 वर्षे बालवाडीत काम केले आणि त्यातली शेवटची 14 वर्षे इतर ताईंना तयार करण्याची जबाबदारी सांभाळली. त्यामुळे या पत्रांना उत्तरे देताना जे हातून करून पाहिले तेवढेच लिहिते आहे.

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या बालमंदिरात सात शिक्षिका आणि दोन मदतनीस आहेत. दर शनिवारी मुले घरी गेल्यावर आमची सभा होते. ती कंटाळवाणी होऊ नये म्हणून गेले वर्षभर मी सुरुवातीला अंताक्षरी, संगीत खुर्ची, चिठ्ठ्यांचे खेळ असे काही ना काही घेते. सगळ्या मनापासून हसतात, पण सोमवारी वर्गात सारे पूर्वीसारखेच चालते. पाणी सांडले की आरडाओरडा होतो आणि ठोकळ्यांचा मनोरा पुरा होण्याआधीच "चला, आवरा" सुरू होते. खेळातून प्रशिक्षण म्हणतात ते हेच का? (एक मुख्याध्यापिका)

उत्तर : अंताक्षरीने आठवड्याचा शीण जातो, आणि सात जणी एकत्र हसतात ही काही थोडी गोष्ट नाही, म्हणून ती बंद करू नका. मात्र तिच्यामुळे सोमवारचा वर्ग बदलेल अशी अपेक्षा धरू नका, कारण सोमवारच्या वर्गात जे अडते त्याचा आणि अंताक्षरीचा काही संबंध नाही. प्रशिक्षणाचा खेळ जेथे काम अडते तेथून सुरू व्हावा लागतो. तुमच्या पत्रात अशा दोन जागा तुम्हीच लिहिल्या आहेत, एक सांडलेल्या पाण्याची आणि दुसरी अर्धवट मोडलेल्या मनोऱ्याची.

सांडण्याबद्दल मी काय केले ते सविस्तर सांगते. आमच्याकडेही हीच तक्रार होती. एका शनिवारी मी प्रत्येकीपुढे एक परात, दोन वाट्या, एक चहाचा चमचा आणि मूठभर तूरडाळ ठेवली आणि एका वाटीतली डाळ डाव्या हाताने चमच्याने दुसऱ्या वाटीत घालायला सांगितले. मुले ओतण्याचा आणि वाढण्याचा जो सराव करतात तोच हा सराव, फक्त सवयीचा हात काढून घेतलेला. आमच्यातल्या सर्वांत अनुभवी ताई, ज्यांनी 20 वर्षे मुलांकडून हेच करवून घेतले होते, त्यांच्या जिभेचे टोक दातांत आले, खांदा वर उचलला गेला आणि तिसऱ्या चमच्याला काही दाणे परातीत पडले. त्याच क्षणी मी रोजच्या सवयीच्या सुरात म्हणाले, "सांडलं ना?" त्यांचा हात थांबला आणि त्यांनी डाळीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितले. खोलीत कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "दाणे पडलेले मला तुमच्या आधी दिसले होते, आणि मी ते उचलणारच होते." सोमवारी ओतण्याच्या चौरंगाजवळ त्यांनी एक लहान केरसुणी आणि सुपली, मुलांच्या हाताला येईल अशी, खिळ्याला टांगून ठेवली. मी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते.

या प्रसंगातून मी जे नियम पाळायला शिकले ते तुम्हांला उपयोगी पडतील. खेळ 20 मिनिटांचा असावा आणि त्यानंतरचे बोलणे 10 मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये. बोलताना "यातून काय शिकलात?" हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला प्रत्येक शिक्षिकेकडे तयार उत्तर असते आणि ते फळ्यावर लिहिण्याइतके सुबक असते. त्याऐवजी "हात केव्हा थांबला?", "राग केव्हा आला?", "कोणाकडे बघावेसे वाटले?" असे अंगाला जाणवलेले विचारावे. मग प्रत्येकीने पुढच्या आठवड्यापुरता एकच बदल स्वतः निवडावा, आणि तो वर्गात कसा उतरतो ते बघायला तुम्ही त्या आठवड्यात न चुकता जावे. ही शेवटची भेट झाली नाही तर आधीचे सगळे वाया जाते. माझ्या अनुभवात प्रशिक्षणे येथेच गळतात.

आणखी दोन गोष्टी. एक वाटी तुमच्यापुढेही असू द्या आणि त्या दिवशी निरीक्षण दुसऱ्या कोणाकडे सोपवा. मुख्याध्यापिका बाजूला उभी राहून बाकीच्या खेळत असतील तर ती परीक्षा होते. आणि दोन्ही मदतनीस ताईंना सभेला बसवा. सांडलेले पाणी पुसते कोण, हे लक्षात घेतले तर आरडाओरडा कोणाच्या काळजीने होतो तेही समजेल. अनेकदा शिक्षिका मुलाला ओरडते ती मदतनीस ताईंना त्रास होईल म्हणून, आणि त्या दोघींनी याविषयी आपसांत कधीच बोललेले नसते.

मनोऱ्यासाठी सुट्या वस्तूंची टोपली करा. बाटल्यांची झाकणे, नारळाच्या करवंट्या, कापडाचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या, आपल्याकडे घरोघरी असलेल्या जुन्या संखेडा झोपाळ्याची (संखेडा गावच्या लाखेने रंगवलेल्या लाकडी झोपाळ्याची) निखळलेली कातीव लाकडे, असे काहीही चालेल. एकच एक उपयोग नसलेल्या अशा वस्तूंनी खेळणाऱ्याची कल्पकता वाढते, हा विचार सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने 1971 मध्ये 'लूज पार्ट्स' या नावाने मांडला. आपल्या आज्यांच्या भातुकलीत तो आधीपासून होता. ताईंना सांगा की 15 मिनिटांत काहीही रचा. मग सातव्या मिनिटाला, कोणतीही पूर्वसूचना न देता, टाळी वाजवून "चला, आवरा" म्हणा आणि टोपली पुढे करा. त्या क्षणी खोलीत जी नाराजी पसरते ती रोज 25 मुलांच्या मनात पसरत असते. नंतर उरलेला वेळ त्यांना परत द्या, तो देण्यास विसरू नका. आमच्याकडे या खेळातून "अजून पाच मिनिटे" सांगण्याची आणि अपुरी रचना पाटावर जपून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. एक सावधगिरी मात्र पाळावी. हीच टोपली पुढे मुलांच्या वर्गात जाणार असेल तर तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी, बटणे अशा घशात अडकणाऱ्या वस्तू जाऊ देऊ नयेत आणि टवके उडालेली लाकडे आधीच बाजूला काढावीत.

एखाद्या शनिवारी वेळ कमी असेल तर सगळ्यांनी आपापल्या वर्गात सतरंजीवर बसून भिंतींकडे बघावे. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंटीमीटर असते. तेवढ्या उंचीवरून आपण हौसेने लावलेल्या चित्रांपैकी किती दिसतात आणि टेबलाची खालची बाजू किती दिसते, हे बघायला पाच मिनिटे पुरतात.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे. कारेलीबागेतील एका बालवाडीत गेल्या जूनपासून समन्वयक म्हणून लागले. माझ्या हाताखाली पाच ताई आहेत आणि सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्या मला प्रेमाने "बेटा" म्हणतात, पण मी काही सुचवले की "करू हं" म्हणून विषय संपवतात. खेळ घेतले तर त्या मला आणखीच लहान समजतील का? (एक समन्वयक)

उत्तर : "बेटा" या हाकेत अवमान नाही, आणि ती बदलायचा प्रयत्नही करू नका. तुमचा अधिकार त्या हाकेवर अवलंबून नाही. वर्गातल्या मुलांबद्दल तुम्हांला नेमके काय माहीत आहे, यावर तो अवलंबून आहे. म्हणून तुमच्यासाठी जो खेळ मी सुचवते तो ताईंविषयी नाही, एका मुलाविषयी आहे.

आम्ही त्याला 'पाहिले की वाटले' म्हणत असू. तिघींनी एकाच मुलाकडे दहा मिनिटे दुरून बघायचे आणि जे दिसेल ते कागदावर लिहायचे. नंतर कागद वाचताना प्रत्येक वाक्यावर सर्वांनी मिळून ठरवायचे की हे पाहिलेले आहे की वाटलेले आहे. "तो हट्टी आहे" हे वाटलेले. "त्याने लाल ठोकळा तीन वेळा मागितला, चौथ्यांदा ओढून घेतला" हे पाहिलेले. पहिल्या खेपेला बहुतेक सगळी वाक्ये वाटलेल्याच्या बाजूला जातात, आणि ती समन्वयकाचीही जातात. तुमचाही कागद त्यात असू द्या आणि तो सर्वांत आधी वाचा. बाल-शिक्षणात निरीक्षणाला जे स्थान आहे ते तुम्हांला ठाऊक असेलच. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला जोडलेली चेतन बालवाडी ही प्रयोगशाळा-बालवाडी आहे, आणि विद्यार्थिनी तेथे मुलांकडे बघायला शिकतात. हेच बघणे रोजच्या कामाच्या गर्दीत आपल्याकडून सुटते, आणि वयाने मोठ्या ताईंकडून ते सुटते तसे तुमच्याकडूनही सुटते. या खेळात कोणी कोणाला सुचवत नाही. मुलाचे वागणे मध्ये ठेवलेले असते आणि सहा जणी त्याच्याभोवती बसलेल्या असतात.

दुसरे असे की या ताईंकडे जे आहे ते तुमच्याकडे नाही, ते त्यांच्याकडून घ्या. सागरगोटे, फुगडीचे प्रकार, भोंडल्याची गाणी, बोटांवर म्हणायची बडबडगीते, यांतली कितीतरी तुम्ही पूर्ण ऐकलेलीही नसतील. दर आठवड्याला एका ताईंनी एक खेळ तुम्हांला शिकवावा आणि तो शिकताना तुम्ही खरोखर चुकावे, खरोखर विचारावे. हे मी त्यांना खूश करण्याची युक्ती म्हणून सांगत नाही. सागरगोटा उडवून झेलेपर्यंत खालचे गोटे उचलायला डोळा आणि हात यांचा जो मेळ लागतो, तोच पुढे पेन्सिल धरताना लागतो. आणि हे सांगण्याची वेळ आली की तुमचे शिक्षण आणि त्यांचा अनुभव एकाच सतरंजीवर येतात.

एका बाबतीत मात्र मी फार कठोर आहे. कोणत्याही ताईची चूक खेळाच्या आडून दाखवू नका. एखादीने मुलाचा दंड पिरगळला, मुलाला अंधाऱ्या खोलीत उभे केले, त्याच्या घरच्या परिस्थितीवरून बोलली, तर त्यासाठी नाटुकले नको, चिठ्ठी नको, गटात सूचक गोष्ट नको. त्याच दिवशी, एकांतात, समोरासमोर आणि स्पष्ट शब्दांत बोला, व संस्थेच्या प्रमुखांना कळवा. तेथे 26 वर्षांचे वय आड येऊ देऊ नका.

प्रश्न : मी 51 वर्षांची शिक्षिका आहे. मुलांबरोबर मी मांडी घालून बसते, गाते, नाचते. पण प्रशिक्षणात आम्हांला बेडूक व्हायला सांगतात, डोळे बांधून फिरवतात, "आतली लहान मुलगी बाहेर काढा" म्हणतात, तेव्हा मला अतिशय संकोच होतो. गुडघेही दुखतात. नाही म्हटले तर "सहभागाचा अभाव" अशी नोंद होते. माझे काही चुकते का? (एक शिक्षिका, मांजलपूर)

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही, आणि तुमचे पत्र प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे मला मनापासून वाटते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका निवासी प्रशिक्षणाला गेले होते. तेथे सगळ्यांनी वर्तुळात उभे राहून आपल्या लहानपणीचा एखादा दुःखाचा प्रसंग नाचून दाखवायचा होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईंची आई त्याच वर्षी गेली होती. त्यांनी दोनदा हळू आवाजात "मला नको" म्हटले, दोनदा टाळ्या वाजवून त्यांना पुढे ढकलण्यात आले, आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी खाली बसून रडू लागल्या. संचालकांना ते यश वाटले. मी तेव्हा काही बोलले नाही याची खंत मला अजून आहे. दुसऱ्या दिवशी त्या ताई सकाळच्या गाडीने निघून गेल्या.

ज्याला नाही म्हणता येत नाही तो खेळ नसतो, हे आपण मुलांच्या बाबतीत मानतो. जे मूल वाळूच्या हौदाजवळ नुसते उभे राहून बघते, त्याला आपण ओढत नाही. बघणे हाही त्याचा खेळण्याचाच प्रकार आहे असे म्हणतो. मोठ्यांना तीच सवलत का नसावी? मी पुढे माझ्या गटात प्रत्येक खेळात तीन जागा ठेवल्या. खेळणारीची एक, बघून लिहिणारीची दुसरी, आणि साहित्य मांडून वेळ सांभाळणारीची तिसरी. कोणी कोणती जागा घेतली याची नोंद ठेवायची नाही, कारण विचारायचे नाही. अनेकदा वर्षभर लिहिणारीच्या जागी बसलेली ताई एके दिवशी आपण होऊन परातीपुढे येऊन बसते, आणि एखादी कधीच येत नाही, तरी तिच्या कागदावरची टिपणे सर्वांत नेमकी असतात.

तुमच्या मुख्याध्यापिकांना हे उत्तर दाखवा आणि लिहिणारीची जागा मागून घ्या. गुडघ्यांसाठी खुर्ची मागण्यात तर संकोचाचे काहीच कारण नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेची बालवाडी 40 वर्षे चालू आहे. नव्या संचालिका बाई शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी महिन्यातून दोन दिवस अर्धा वेळ मागतात, आणि त्यात शिक्षिका झाकणे रचतात, चिखल मळतात असे आम्हांला दिसते. पालक विचारतात की मुले लिहायला केव्हा लागणार. पगाराच्या वेळात शिक्षिकांनी खेळावे हे विश्वस्त मंडळाला कसे पटवून द्यावे? (एक विश्वस्त, रावपुरा)

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात, परस्पर वेळ कापला नाहीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानते.

आपल्या भागात बालशिक्षणाची सुरुवातच अशा मोठ्यांनी केली जे आधी स्वतः मुलांच्या साहित्याशी खेळायला बसले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 मध्ये ताराबाई महाराष्ट्रातील बोर्डी या गावी गेल्या आणि अनुताई वाघांसह त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. तेथे विकत आणलेली महागडी साधने नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांतून साधने करावी लागली. अशी साधने कोणी करून देत नाही. शिक्षिकेने ती हातात घेऊन, रचून, मोडून, पुन्हा रचून बघितल्याशिवाय त्यांतून मुलाला काय मिळणार हे तिला कळत नाही. आपल्या संचालिका बाई शिक्षिकांना झाकणे देतात तेव्हा त्या या परंपरेतलेच काम करीत आहेत.

आता सरकारी धोरणही त्याच बाजूचे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला, 2022 मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि तो खेळाला शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवतो. 2023 मध्ये त्याच आधारावर 'जादुई पिटारा' हा खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रकार्डांचा संच काढण्यात आला. गुजरातमध्ये पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट आणि सरकारी शाळांतील बालवाटिका (पहिलीआधीचे वर्ग) 2023 च्या जूनपासून आल्या, म्हणजे पाच वर्षांची मुले आता आणखी एक वर्ष खेळत शिकणार आहेत. हा पेटारा उघडून मुलांपुढे ठेवणारी शिक्षिका स्वतः त्यातले काही खेळलेली नसेल तर ती वस्तू मोजून हजेरीपटासारखी यादी करील आणि कपाटाला कुलूप लावील. असे कपाट मी बघितले आहे, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी होती.

पालकांना सांगण्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली लहान हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात आणि बोटांचे बळ मळणे, ओतणे, ओवणे, चिमटीत उचलणे यांतून येते. लिहिणे त्या बळावर उभे राहते. पण हे भाषणात सांगून पालकांना पटत नाही असा माझा अनुभव आहे. एका शनिवारी पालकांनाच बोलवा, त्यांच्यापुढे कणकेचा गोळा ठेवा आणि डाव्या हाताने स्वतःचे नाव लिहायला सांगा. मग पाच मिनिटे त्या हाताने कणीक मळून पुन्हा लिहायला सांगा. अक्षर लगेच सुधारत नाही, आणि ते त्यांना प्रामाणिकपणे सांगावे, परंतु लिहिताना हात किती अवघडतो आणि कोठे दुखतो हे त्यांना समजते. माझ्याकडे या खेळानंतर "लिहायला केव्हा?" हा प्रश्न पूर्ण बंद झाला नाही, तो सौम्य झाला.

ज्या संस्थानाने 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या संस्थानाच्या राजधानीत राहणाऱ्या विश्वस्तांना महिन्यातले दोन अर्धे दिवस जड वाटू नयेत, अशी माझी विनंती आहे. वेळ द्यावा आणि त्याबदल्यात संचालिका बाईंकडून एवढेच मागावे की प्रत्येक सत्रानंतर वर्गात काय बदलले ते त्यांनी एका पानावर लिहून दाखवावे.

प्रश्न : आमची बालवाडी विश्वामित्रीच्या काठापासून जवळ आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, वस्तीत पाणी शिरले आणि मगरीही आल्या. तेव्हापासून पावसाळा लागला की मुले 'मगर आली' हा खेळ खेळतात. एक मूल पोटावर सरपटते आणि बाकीची किंचाळत बाकावर चढतात. आमच्या गटात दोन मते आहेत. मराठी ताई म्हणतात खेळू द्यावे, गुजराती बेन म्हणतात मुले घाबरतील, थांबवावे. वाद वाढत चालला आहे. (एक पर्यवेक्षिका)

उत्तर : मराठी आणि गुजराती असे मत वाटले गेले हा केवळ योगायोग असावा, म्हणून ती नावे आधी बाजूला ठेवा. ज्या बेन थांबवू म्हणतात त्यांच्यापैकी कोणाच्या घरात पाणी शिरले होते का, हे तुम्ही विचारले आहे का? मुलांच्या किंचाळण्याने ज्यांची छाती धडधडते त्यांना मुलांचा खेळ बघवत नाही, आणि त्या मुलांसाठी बोलत आहेत असे त्यांना स्वतःला प्रामाणिकपणे वाटत असते. तसे असेल तर त्या वेळी बाकांजवळ दुसऱ्या ताई उभ्या राहतील अशी सोय करणे हे तुमचे पहिले काम आहे.

मुले भीतीचा खेळ करतात तेव्हा बहुधा ती भीती स्वतःच्या हातात घेत असतात. वस्तीत खरी मगर आली तेव्हा त्यांचे कोणी ऐकले नाही. या खेळात कधी किंचाळायचे, कधी मगरीला पळवायचे हे तीच ठरवतात. आपल्याकडचा डोंगर-पाणी हा जुना खेळ याच धर्तीचा आहे. म्हणून माझे मत खेळू देण्याच्या बाजूचे आहे, पण ते सर्व मुलांना सरसकट लावू नये. कोणते मूल हसत किंचाळते आणि कोणते कोपऱ्यात कान झाकून बसते, कोणाचा खेळ रोज थोडा बदलतो आणि कोणाचा दिवसेंदिवस तसाच, तेवढ्याच घाबरलेल्या चेहऱ्याने चालतो, हे बघावे लागेल. वर दुसऱ्या पत्राला सांगितलेला 'पाहिले की वाटले' हा खेळ दोन्ही मतांच्या ताईंनी जोडीने, एक मराठी आणि एक गुजराती अशा, एक आठवडा करावा. टिपण जिला ज्या भाषेत सोपे जाईल त्या भाषेत लिहावे आणि दुसरीने ते मोठ्याने वाचावे. दुसरीच्या शब्दांत आपले मूल ऐकताना वादाचा सूर बराच उतरतो, हे मी अनेकदा बघितले आहे. कान झाकणाऱ्या मुलांसाठी त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाणी, चिखल किंवा चित्रे यांची शांत मांडणी करा, आणि ज्याची भीती आठवडाभरात मुळीच हलत नाही त्याच्या पालकांशी बोला.

राहता राहिला प्रश्न मोठ्यांनी त्या खेळात उतरण्याचा. मुलांनी बोलावले तर ताईंनी बाकावर चढावे, मगर व्हावे, मुले सांगतील तसे मरावे. न बोलावता मगर होऊन मुलांच्या मागे धावू नये, आणि खेळाच्या शेवटी मगरीचे रक्षण का करावे याचा पाठ घेऊ नये. तो पाठ दुसऱ्या दिवशी, मुलांनी स्वतः मगरीबद्दल काही विचारले तर घ्यावा.